झाकली मूठ आणि केर्कहॉफ्स सर

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक सर्व्हर होता. त्याचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, कुणालाही सांगायचा नाही असा लॅबमधल्या दादांचा कडक नियम. आम्ही विचारलं की ते नुसते हसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची! पासवर्ड मात्र कॉलेजचं नाव आणि पुढे १२३ असा होता. तो बदलायची सोयही नव्हती, कारण सात-आठ प्रोग्रॅममध्ये तो जसाच्या तसा लिहून ठेवलेला. दुसऱ्या वर्षाच्या एका पोराला प्रॅक्टिकलमध्ये कंटाळा आला. त्यानं नेटवर्क स्कॅन केलं आणि दहा मिनिटांत पत्ता काढला. पासवर्ड त्याला तिसऱ्या प्रयत्नात सापडला. एका आख्ख्या बॅचची सबमिशन्स त्या दिवशी उडाली.

मग दादांनी काय केलं असेल? सर्व्हरचा पत्ता बदलला. पासवर्ड तोच राहिला.

हसू येतं खरं, पण ही चूक फार मोठमोठ्या माणसांनी केलेली आहे. ती चूक आहे हे ज्यानं स्वच्छ शब्दांत मांडलं, तो माणूस कॉम्प्युटर जन्माला यायच्या कितीतरी आधी होऊन गेला. तो इंजिनीअर नव्हता, सैनिकही नव्हता. कॉलेजात जर्मन शिकवायचा. आज जगात कुठेही सायबर सिक्युरिटीचा कोर्स घ्या, पहिल्या दोन-चार लेक्चरमध्ये त्याचं नाव येतंच. ऑग्युस्त केर्कहॉफ्स. मास्तर होते म्हणून आपण त्यांना सरच म्हणू.

सरांचा जन्म १९ जानेवारी १८३५चा, नेदरलँड्सच्या लिम्बर्ग भागातल्या नूत नावाच्या गावातला. पूर्ण नाव इतकं लांब की परीक्षेच्या फॉर्मवर मावलं नसतं. हा लिम्बर्ग म्हणजे बेल्जियम आणि जर्मनीच्या मध्ये घुसलेला चिंचोळा पट्टा. आपल्याकडे सीमाभागातली पोरं मराठी, कन्नड, हिंदी एका दमात बोलतात ना, तसलाच प्रकार. डच, फ्रेंच, जर्मन कानावर पडतच मोठं व्हायचं. पुढे बेल्जियमच्या लीएज विद्यापीठात ते शिकले, तेही साहित्य आणि विज्ञान दोन्ही. मग फ्रान्समध्ये आले आणि पॅरिसजवळच्या एका गावात भाषा शिकवायला लागले. भाषांच्या व्याकरणावर पुस्तकं लिहिली. १८८०च्या सुमाराला ते पॅरिसमध्ये होते आणि व्यापाराचं उच्च शिक्षण देणाऱ्या नामांकित कॉलेजात जर्मनचे प्राध्यापक होते.

आता असा माणूस गुप्त लिपीच्या वाटेला गेला कसा? त्यासाठी १८७० सालात डोकवावं लागेल. त्या वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपलं आणि फ्रान्सचा दारुण पराभव झाला. पॅरिसला वेढा पडला. शहरातून निरोप बाहेर जायचे ते बलूनमधून, आत यायचे ते कबुतरांच्या शेपटीला बांधलेल्या इवल्याशा फिल्मवर. या पराभवानंतर फ्रान्समध्ये सैन्याच्या प्रत्येक गोष्टीची चिरफाड सुरू झाली. रेल्वे, तोफा, नकाशे, आणि त्यातच निरोप पाठवायची पद्धत.

कारण तोवर टेलिग्राफ आला होता. पूर्वी सेनापतीची चिठ्ठी घेऊन घोडेस्वार जायचा. पकडला गेला तर एक चिठ्ठी जायची. आता एका तारेवरून दिवसभर शेकडो निरोप धावत होते, शत्रूनं कुठेतरी तारेला तार जोडली की सगळे त्याच्या कानावर. शिवाय निरोप फक्त दोन सेनापतींमध्ये उरले नव्हते. अनेक तुकड्या, त्यांचे अनेक अधिकारी, प्रत्येकाकडे सांकेतिक पद्धतीचं पुस्तक. त्यातला एक जरी पकडला गेला, फितूर झाला किंवा नुसता पुस्तक विसरून आला, तरी सगळा डोलारा कोसळणार. थोडक्यात, दोन माणसांची चिठ्ठी संपली होती आणि नेटवर्क सुरू झालं होतं.

१८८३ साली फ्रान्सच्या एका लष्करी नियतकालिकात सरांचा लेख दोन भागांत छापून आला, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या अंकांत. विषय : लष्करी गुप्तलेखन. सगळा मिळून साठ-पासष्ट पानांचा ऐवज. त्यात चांगल्या गुप्त पद्धतीला काय काय जमलं पाहिजे, याच्या सहा अटी त्यांनी घातल्या.

पहिली अट अशी की पद्धत गणितानं अभेद्य ठरली नाही तरी चालेल, पण प्रत्यक्षात फुटता कामा नये. चौथी आणि पाचवी अट त्या काळाला धरून आहेत. पद्धत टेलिग्राफवर चालली पाहिजे, सामान एका माणसाला नेता आलं पाहिजे आणि वापरायलाही एकच माणूस पुरला पाहिजे. ही त्रिकुटं आपण बाजूला ठेवू. खरी गंमत दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या अटीत आहे.

चोराला कुलूप बघू दे

दुसरी अट म्हणते, पद्धत गुप्त राहण्यावर काहीही अवलंबून असता कामा नये. ती उद्या शत्रूच्या हातात पडली तरी आपलं काही बिघडता कामा नये. त्या काळच्या अधिकाऱ्यांना हे वाचून घामच फुटला असेल. त्यांचा सगळा भरवसा पद्धत लपवण्यावरच.

सरांचा विचार साधा होता. गुपितात दोन भाग असतात, कुलूप आणि किल्ली. कुलूप म्हणजे पद्धत, ती शेकडो लोकांना ठाऊक असणारच. किल्ली म्हणजे एक शब्द किंवा आकडा, तो फक्त दोघांना ठाऊक. कुलपाचा नकाशा फुटला तर सगळ्या सैन्याची कुलपं बदलावी लागतात, त्याला वर्षं जातात. किल्ली फुटली तर संध्याकाळपर्यंत नवी करता येते. मग लपवायचं काय? जे पटकन बदलता येतं तेवढंच लपवायचं.

आमच्या लॅबमध्ये बरोबर याच्या उलट होतं. आयपी ॲड्रेस ही लपण्यासारखी गोष्टच नाही, नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला तो विचारता येतो. आणि लपवायचा तो पासवर्ड प्रोग्रॅममध्ये कोरलेला. म्हणजे किल्लीच कुलपाला वेल्डिंग करून टाकली होती.

हे फक्त कॉलेजच्या लॅबमध्येच होतं असं समजू नका. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरनं जगभरातले लाखो इंटरनेट कॅमेरे आणि राउटर काबीज केले. त्यासाठी काही थोर डोकं चालवलेलं नव्हतं. कंपनीनं कारखान्यात घालून दिलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या, एकापाठोपाठ एक लावून बघायच्या, बस्स. काही कॅमेऱ्यांत तर तो पासवर्ड मालकाला बदलताच येत नव्हता.

इथे एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. बरेच जण दुसऱ्या अटीचा अर्थ असा लावतात की सगळं उघडं टाका. सरांनी तसं कुठेच म्हटलेलं नाही. तुम्ही सर्व्हरचं एसएसएच २२ नंबरच्या पोर्टवरून उचलून भलत्याच पोर्टवर नेलंत तर लॉगमधला कचरा कमी होतो, रोजची डोकेदुखी कमी होते. खुशाल न्या. प्रश्न एवढाच विचारायचा की हा नवा पोर्ट उद्या कुणाला कळला तर आपली झोप उडेल का? उडत असेल तर तुमचं कुलूपच कच्चं आहे. नोकरी सोडून गेलेल्या ॲडमिनला नेटवर्कचा सगळा नकाशा पाठ असतो. त्याच्या डोक्यातून तो पुसता येत नाही. त्याच्या किल्ल्या मात्र तो गेटबाहेर पडायच्या आत रद्द करता येतात.

तिसरी अट किल्लीची. ती कागदावर न लिहिता लक्षात राहिली पाहिजे आणि वाटेल तेव्हा बदलता आली पाहिजे. यातला पहिला अर्धा भाग आज थोडा जुना झालाय. शंभर ठिकाणचे पासवर्ड कुणाच्या बापाला लक्षात राहणार? त्यासाठी पासवर्ड मॅनेजर आले. दुसरा अर्धा भाग मात्र कालच लिहिल्यासारखा ताजा आहे. प्रोजेक्टचा कोड गिटहबवर टाकताना डेटाबेसचा पासवर्ड त्यात राहून जातो, तुमच्यापैकी कित्येकांचं हे झालं असेल. मग आपण घाईघाईत ती ओळ खोडून पुन्हा कमिट करतो आणि सुटकेचा श्वास सोडतो. पण जुन्या कमिटमध्ये ती ओळ तशीच असते, आणि असल्या ओळी हुंगत फिरणारे बॉट रात्रंदिवस जागे असतात. खोडाखोड करण्यापेक्षा पासवर्ड बदलायचा, पहिल्यांदा तेच.

आणि आता सहावी अट. माझ्या मते सगळ्यात कमी शिकवली जाणारी, आणि सगळ्यात मास्तरी वळणाची. पद्धत वापरायला सोपी हवी. लांबलचक नियमांची यादी पाठ करावी लागू नये, डोक्याला ताण पडू नये. ज्यानं वर्षानुवर्षं पोरांना जर्मन व्याकरणाशी झुंजताना पाहिलंय, त्यालाच हे सुचणार. नियम फार झाले की माणूस चुकतो किंवा चोरवाट काढतो, हे शिक्षकाला कुणी सांगावं लागत नाही.

ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं काय चाललं होतं आठवा. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. लोकांनी काय केलं? जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा एकानं वाढवला आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली. शेवटी २०१७ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. लांब पासवर्ड चालू द्या, चिन्हांची सक्ती करू नका, फुटलेल्या पासवर्डच्या यादीत तो आहे का ते तपासा, आणि तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा, उगाच ठरावीक मुदतीनं नको. सरांच्या सहाव्या अटीला तिथवर पोचायला १३४ वर्षं लागली.

एकच किल्ली, अनेक निरोप

सर नुसत्या अटी घालून थांबले नाहीत. त्याच लेखात त्यांनी फोडूनही दाखवलं. तेव्हा एक सांकेतिक पद्धत फार भरवशाची मानली जायची. प्रत्येक अक्षर वेगळ्या वर्णमालेनं बदलायचं, कुठली वर्णमाला कधी वापरायची ते किल्ली ठरवणार. किल्ली निरोपाइतकीच लांब असली की एका निरोपाकडे बघून काहीच कळायचं नाही.

सरांनी युक्ती काढली. एकाच किल्लीनं लिहिलेले बरेच निरोप मिळवायचे आणि एकाखाली एक मांडायचे, हजेरीपटासारखे. आता उभे रकाने बघा. पहिल्या रकान्यातलं प्रत्येक अक्षर किल्लीच्या पहिल्या अक्षरानं बदललेलं, दुसऱ्यातलं दुसऱ्यानं. म्हणजे एका रकान्यात एकच वर्णमाला. फ्रेंचमध्ये ई हे अक्षर सगळ्यात जास्त येतं, मग रकान्यात ज्या चिन्हाची गर्दी जास्त ते बहुधा ई. तिथून धागा ओढत जायचा. कुलूप कितीही भारी असो, किल्ली पुन्हा पुन्हा वापरली की निरोप एकमेकांवर चुगली करतात.

आता ११०हून जास्त वर्षं पुढे या. १९९०च्या दशकाच्या शेवटी वाय-फाय आलं, सोबत डब्ल्यूईपी नावाची सुरक्षा. त्यात प्रत्येक पॅकेटसाठी किल्ली थोडी वेगळी करायची सोय होती, पण त्या वेगळेपणाला जागा दिली फक्त २४ बिट. म्हणजे साधारण १ कोटी ६७ लाख शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण गजबजलेल्या नेटवर्कवर काही तासांत त्या संपतात आणि जुन्या किल्ल्या परत यायला लागतात. पुन्हा हजेरीपट मांडला गेला. डब्ल्यूईपीत इतरही भोकं होती. २००१ पर्यंत तिचे बारा वाजले. तरीही पुढे कित्येक वर्षं ती राउटरवर चालूच होती. तुमच्या गावाकडच्या घरी फार जुना राउटर असेल तर सुट्टीत जाल तेव्हा एकदा सेटिंग बघून घ्या.

त्याच लेखात आणखी एक मुद्दा आहे. आपली पद्धत मजबूत आहे की नाही हे बनवणाऱ्यानं सांगून उपयोग नाही, ती फोडणाऱ्यांच्या पुढ्यात टाकली पाहिजे. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे एईएस, तुमच्या फोनपासून बँकेपर्यंत सगळीकडे वापरलं जाणारं एन्क्रिप्शन. १९९७ मध्ये निस्टनं जगाला जाहीर आवाहन केलं. पंधरा प्रवेशिका आल्या. जगभरच्या तज्ज्ञांनी त्या उघडपणे फोडायचा प्रयत्न केला, स्पर्धकांनी एकमेकांच्याही फोडायला घेतल्या. २००० साली दोन बेल्जियन तरुणांची, योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन यांची पद्धत निवडली गेली. तिची ओळ न् ओळ आजही कुणीही वाचू शकतं.

आणि उलटं उदाहरण सरांच्याच जन्मदेशातलं. नेदरलँड्समध्ये बस-ट्रेनसाठी एक स्मार्ट कार्ड आलं. त्यातली चिप होती मिफेअर क्लासिक, लंडनच्या ऑयस्टर कार्डातही तीच होती. चिपमधली एन्क्रिप्शनची पद्धत कंपनीनं गुलदस्त्यात ठेवलेली, किल्ली फक्त ४८ बिटांची. संशोधकांनी चिप उलगडली, आणि नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी ती फोडून दाखवली. निबंध छापू नये म्हणून कंपनी कोर्टात गेली. कोर्टानं २००८च्या जुलैमध्ये मागणी फेटाळली आणि निबंध छापला गेला. सरांच्या लेखाला तेव्हा बरोबर सव्वाशे वर्षं झाली होती.

जगाची भाषा, एकाच्या मुठीत

पण १८८०च्या दशकात सरांना कुणी ओळखत असेल तर गुप्तलेखनासाठी नव्हे. ते ओळखले जायचे व्होलापूकसाठी.

व्होलापूक ही बनवलेली भाषा. जर्मनीतल्या योहान मार्टिन श्लायर नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी ती १८७९-८० साली घडवली. एका जागरणाच्या रात्री देवानं आपल्याला तशी आज्ञा केली, असं ते सांगत. जगातल्या सगळ्या माणसांना जोडणारी एकच भाषा! युरोपात या कल्पनेनं लोक अक्षरशः वेडे झाले. शेकडो क्लब निघाले, मासिकं निघाली. सर त्यात गळ्यापर्यंत बुडाले. फ्रान्समध्ये या भाषेचे सगळ्यात मोठे प्रचारक तेच, पाठ्यपुस्तकंही त्यांनीच लिहिली. १८८७ मध्ये म्युनिकच्या संमेलनात व्होलापूकची अकादमी स्थापन झाली आणि तिची धुरा सरांकडे आली.

इथे सहावी अट पुन्हा डोकं वर काढते. व्होलापूकचं व्याकरण भयंकर होतं. एका क्रियापदाची पाच लाखांहून जास्त रूपं होऊ शकतात असा हिशेब लोकांनी मांडला होता. सरांचं म्हणणं, सामान्य माणसाला वापरायची तर भाषा सोपी करा, नको असलेली रूपं काढून टाका. श्लायर अडून बसले. भाषा माझी आहे, शेवटचा शब्द माझा असेल, अकादमीनं काहीही ठरवलं तरी मला नकाराधिकार हवा, अशी त्यांची भूमिका होती. १८८९ मध्ये पॅरिसला तिसरं संमेलन भरलं, ते सगळं व्होलापूकमध्येच चाललं. तिथेही हा पेच सुटला नाही. श्लायर यांनी अकादमीला मान्यताच नाकारली. दुसरीकडे प्रत्येक सुधारक आपापल्या सुधारणा घेऊन उभा. १८९१ मध्ये सरांनी अकादमी सोडली. चळवळ बघता बघता विरून गेली.

दरम्यान १८८७ मध्ये वॉर्सात लुडविक झामेनहोफ नावाच्या डॉक्टरनं दुसरी भाषा प्रसिद्ध केली होती, एस्पेरांतो. पहिल्याच पुस्तकात त्यानं त्या भाषेवरचे आपले सगळे हक्क सोडून दिले होते. ती आजही बोलली जाते. कुलूप उघड्यावर ठेवा म्हणणाऱ्या सरांनी आपल्या उमेदीची वर्षं अशा भाषेत घातली, जिच्या मालकाला मूठ उघडायचीच नव्हती. मला हे वाचून वाईट वाटतं, श्लायर यांच्याबद्दलसुद्धा.

सर पुढे शिकवतच राहिले आणि ऑगस्ट १९०३ मध्ये वारले. १९४९ साली क्लॉड शॅनन यांनी गुप्तलेखनाचं गणित मांडलं, तेव्हा शत्रूला आपली पद्धत ठाऊक आहे असंच धरून चाला, हे त्यांनीही गृहीत धरलं.

सर गेले त्याच्या दोन महिने आधी, जून १९०३ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक कार्यक्रम होता. मार्कोनी यांचं बिनतारी यंत्र दूर कॉर्नवॉलहून निरोप पाठवणार, आणि त्यांचे सहकारी जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग तो लंडनच्या श्रोत्यांना दाखवणार. आपलं यंत्र ठरावीक लहरींवर जुळवलेलं आहे, बाहेरच्या कुणाला त्यात ढवळाढवळ करता येणार नाही, असा मार्कोनी यांचा दावा होता. कार्यक्रम रंगात यायच्या आधीच यंत्र आपोआप टकटक करायला लागलं. मोर्समध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता : उंदीर. मग मार्कोनींची टिंगल करणारी कविता. फ्लेमिंग चिडले, त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून या गुंडाला शोधा म्हणून सांगितलं. उत्तर चारेक दिवसांत त्याच वर्तमानपत्रात आलं, नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराकडून. त्यानं सरळ कबुली दिली. दावा खरा आहे का, एवढंच त्याला तपासून बघायचं होतं.